बोलवाले का बसाले

इचोड्याच्या बाजारात, बी-बियाण्याच्या एका दुकानावर आमच्या संस्थेची खोली होती. खालून खताचा वास यायचा, समोरून नागपूरचे आणि हैदराबादचे ट्रक जायचे, आणि हॉर्न वाजला की बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबायचा. तिथं मी नऊ वर्षं काढली. आता मी आदिलाबादला एका कॉलेजात क्लार्क आहे. डोक्यावर पंखा आहे, वेळेवर जेवण आहे, आणि तरी सकाळी बसस्टँडवरून जाताना इचोड्याची गाडी लागलेली दिसली की पाय तिकडे वळतात. एकदा तर चढून बसलेसुद्धा. कंडक्टरनं बायकांच्या फुकटच्या तिकिटासाठी आधार कार्ड मागितलं तेव्हा भानावर आले आणि खाली उतरले.

आमचं काम सांगायला सोपं होतं. गावच्या ग्रामसभेला लोकांनी यावं, आलेल्यांनी बोलावं, आणि जे ठरेल ते वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करू नये, एवढंच. करताना मात्र नाकी नऊ यायचे. कागदावर ग्रामसभा नेहमीच होत असे. पंचायतीचा माणूस रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरायचा, दोन ठिकाणी चहा प्यायचा, दस्तखत घ्यायचा, की झाली सभा. आमच्या सीमेकडच्या गावांत आणखी एक गंमत होती. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. पंचायतीचा कार्यदर्शी, म्हणजे ग्रामसेवक, ठराव वाचणार तेलुगूत, एका दमात, आणि लोक माना हलवणार मराठीत. मी मधे उभी राहून त्याला थांबवायचे आणि एकेक ओळ मराठीत सांगायचे. त्याला माझा वैताग यायचा, आणि मला त्याच्या वैतागाचा फार आनंद व्हायचा.

चौथ्या वर्षी सरांनी कामाच्या यादीत माझं स्वतःचं गाव घातलं. सर म्हणजे आमचे प्रमुख, खालच्या जिल्ह्यातले, तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचे. गाव गुडीहत्नूरहून आत, हायवे सोडला की ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतांतून चारेक किलोमीटर. मला भीती वाटली, कारण परक्या गावात ताई म्हणून मान मिळतो आणि आपल्या गावात लोक आपलं शेंबडं नाक आठवतात. पण आतून मी खूश झाले होते. मला एक गोष्ट मनापासून हवी होती. मला माझ्या बाबांना ग्रामसभेत बसलेलं बघायचं होतं.

बाबा शाळेत अटेंडर, म्हणजे शिपाई होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. त्याआधी, तरुणपणी, ते गावात दवंडी द्यायचे. दवंडी देणं आमच्या जातीकडे होतं, आणि आम्ही बौद्ध झालो तरी बरीच वर्षं गावानं ते आमच्याच गळ्यात ठेवलं होतं. गावात काही ठरवायचं असलं की बाबा डफडं वाजवत तिन्ही गल्ल्यांतून फिरत, सगळ्यांना चावडीवर बोलावत. मंडळी जमली की वर ओट्यावर बसत, आणि बाबा खाली, चपला काढून ठेवलेल्या असत तिथं उभे राहत. काय ठरलं ते त्यांना शेवटी सांगितलं जाई, कारण ते पुन्हा गावभर ओरडून सांगायचं असे. बाविसाव्या वर्षी एक दिवस त्यांनी डफडं चावडीच्या पायरीवर ठेवलं आणि घरी आले. वर्षभर त्यांना गावात कुणी कामाला बोलावलं नाही. मग शाळेची नोकरी लागली.

त्यानंतर त्यांनी आवाज कधी चढवला नाही. घरात इतकं हळू बोलायचे की आई म्हणायची, "अजून जरा खाली बोला, मुंग्याईले ऐकू जाऊन राह्यलं." आई गेली तेव्हासुद्धा ते हळूच रडले.

गावात काम सुरू झालं आणि पहिल्या सभेला बारा माणसं आली. नोटीस पंचायतीच्या भिंतीवर तेलुगूत चिकटवलेली होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकली होती, पण तिथं सकाळी उठल्यापासून फुलांची आणि देवांची चित्रं पडतात, त्यात ती कधी वाहून गेली कुणाला कळलंच नाही. आम्ही सरपंच बाईंकडे बसलो होतो. सर म्हणाले, लोगों तक बात पहुँचाने का कोई पुराना तरीका होगा ना? आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतही तसंच लिहिलेलं होतं, पारंपरिक संपर्क साधनं वापरा म्हणून. आणि मी म्हटलं, "दवंडी देऊ ना!"

मीच म्हटलं. हे मला आजही पटत नाही. जात आणि पंचायत या विषयावर मी दहा गावांत शिबिरं घेतलेली होती, तक्ते लावून बोलले होते. आणि त्या दिवशी मी ते वहीत लिहून घेतलं, दवंडीचा दिवस ठरवला, आणि सायंकाळी खुशीत घरी आले. सरपंच बाई हसून काहीतरी बोलल्या होत्या, आवाज तर तुमच्याच घरचा म्हणून. ते मी कौतुक समजून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच बाई घरी आल्या, सोबत गावातले दोन म्हातारे. बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी उठून पाणी दिलं, खाट टाकली. बाई चांगल्या मनाच्या होत्या, वाईट हेतू कुणाचाच नव्हता, म्हणून तर जास्त त्रास होतो.

"काका," बाई म्हणाल्या, "तुमचा आवाज नाल्यापलीकडं जाये म्हंतेत हे लोक. ग्रामसभेची दवंडी तुमीच द्या. ताईनंच सांगतलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, हातात पिशवी, इचोड्याला निघालेली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाई," बाबा हळूच म्हणाले, "तुमाले मी बोलवाले पाह्यजे का बसाले?"

"दोन्ही ना काका."

"दोन्ही नाई होत," बाबा म्हणाले. "मी करून पाह्यलं हाये." आणि पुन्हा शेंगा सोलायला बसले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी ताट वाढायचे, ते ओढून घ्यायचे, जेवायचे, ताट घासून ठेवायचे. ते भांडले असते तर मीही भांडले असते, त्यात मी कमी नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी चप्पल घालत होते तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "पोरी, तू काऊन इसरली?" मी बसमध्ये खिडकीला तोंड करून रडले.

ऑफिसात जाऊन सरांना सगळं सांगितलं. त्यांनाही सुचलं नव्हतं. मग म्हणाले, तो बुलाएगा कौन? मी म्हटलं, घरटी पाळी लावू. प्रत्येक सभेला एका घरानं सगळ्या गल्ल्यांतून दारोदार जाऊन सांगायचं. डफडं नाही, ओरडणं नाही, दारात उभं राहून माणसासारखं बोलावणं. आणि पहिली पाळी गावातल्या सगळ्यात मोठ्या घराची, पटेलांची. यात माझा राग होता, नाही म्हणत नाही. सरांनी विचारलं, वो मानेंगे? मी म्हटलं, नाही मानले तर निदान कळेल तरी.

पंधरा दिवस गावात कुरबुर झाली. पटेल म्हणाले, आमच्या घरचं माणूस दारोदार फिरणार नाही. सरपंच बाई मात्र आता माझ्यापेक्षा हट्टाला पेटल्या होत्या. त्यांनी सांगितलं की पहिल्या दोन पाळ्या झाल्या की तिसरी त्यांची स्वतःची, आणि त्या फिरणार. शेवटी पटेलांनी स्वतः न येता सुनेला पाठवलं. म्हणजे काम झालं आणि ऐटही राहिली.

ती सून सात वर्षं गावात नांदत होती, पण आमच्या गल्लीत पहिल्यांदा आली. डोक्यावर पदर, हातात कागद. प्रत्येक दारात थांबून भरभर काहीतरी म्हणायची आणि पळायची. आमच्या दारात आली तेव्हा बाबा खाटेवर बसले होते. मी आत चुलीपाशी, कान बाहेर.

"काका, चावडीपाशी या उद्या दहाले ग्रामसभा हाये," ती एका श्वासात म्हणाली आणि वळली.

"बाई, थांब," बाबा म्हणाले. "असं नाई सांगत."

ती घाबरली. मीही घाबरले.

"आंधी कोण बोलवून राह्यलं थे सांग. मंग दिवस, मंग टाइम. जागा सगळ्यात शेवटी सांगाव. शेवटचं आयकलेलं माणसाच्या ध्यानात राह्यते. आन येवढ्या घाईनं नको. दारात माणूस दिसला का आंधी त्याच्याकडे पाह्य."

ती उभी राहिली. कागद खाली केला. बाबांकडे पाहून तिनं सावकाश पुन्हा सांगितलं, त्यांनी शिकवलं तसं, पंचायतीनं बोलावलं आहे, उद्या, दहा वाजता, चावडीपाशी. बाबांनी मान डोलावली. "आता बराबर. येतो."

मी चुलीसमोर बसून होते, भाकरी तव्यावर जळत होती, आणि मला ती उलटता येईना. "येतो" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कित्येक वर्षं मागत होते. त्यांना आजवर कुणी बोलावलंच नव्हतं, हे इतकं साधं होतं आणि मला इतक्या उशिरा समजलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत सव्वीस जानेवारीला घालायचे तो पांढरा सदरा घातला. आम्ही दोघं चालत गेलो. चावडीसमोर मांडव होता, पुढं सतरंजी, मागं प्लास्टिकच्या खुर्च्या. माणसं जमत होती, बाराची साठ-सत्तर झाली होती. चपलांच्या ढिगापाशी बाबा थांबले. मला वाटलं, आता इथंच उभे राहणार. हात धरावासा वाटला, धरला नाही. त्यांनी चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या आणि चालत जाऊन दुसऱ्या ओळीत, मधल्या खुर्चीवर बसले.

कार्यदर्शीनं वाचायला सुरुवात केली. नालीचा ठराव होता. मी मराठीत सांगत होते, पण त्या दिवशी माझं लक्ष कामात नव्हतं, हे कबूल करते, मी त्या खुर्चीकडेच पाहत होते. नाली कुठून सुरू होणार ते मी सांगितलं आणि पुढच्या ओळीवर गेले. तेव्हा मागून आवाज आला.

"नाली संपते कुठं?"

मोठ्यानं नव्हतं विचारलं, तरी म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. चाळीस वर्षं गावानं तो आवाज ऐकला नव्हता, आणि तो अजून तसाच होता, खालच्या पट्टीत असूनही शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा. कार्यदर्शीनं कागद पाहिला. नाली आमच्या गल्लीच्या तोंडाशी संपत होती. वरच्या दोन गल्ल्यांचं सगळं पाणी आमच्या दारात येऊन पडणार होतं. तेलुगूत ते लिहिलेलं होतं, मी वाचून सोडून दिलं होतं.

बाबा म्हणाले, "नाल्यापर्यंत न्या. नाईतर लिहू नका." पटेल काहीतरी पुटपुटले. त्यांची सून सतरंजीवर बसली होती, ती म्हणाली, "बराबर हाये काकाचं." मग बऱ्याच बायका बोलल्या. ठराव खोडून पुन्हा लिहिला गेला, पुन्हा वाचला गेला, आणि बाबांनी सही केली. नाली पुढं नाल्यापर्यंत गेली, अजून आहे.

त्यानंतर दोन-दोन महिन्यांनी सभा होत राहिल्या आणि बाबांनी एकही चुकवली नाही. त्यांना मत असायचं. दिव्याच्या खांबापासून अंगणवाडीच्या तांदळापर्यंत असायचं. घरी येताना वाटेत मला माझ्या चुका सांगायचे, तू हा शब्द खाल्ला, ते वाक्य अर्धं सांगितलं. मी चिडायचे, ते हसायचे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कोणता असं कुणी विचारलं तर लग्न नाही, नोकरी नाही, चावडीपासून घरापर्यंतचं ते पाच मिनिटांचं अंतर. मला ते परत पाहिजे. दुसरं काही नाही मागत मी.

मग व्हायचं ते झालं. संस्थेचं काम आक्रसत गेलं, सर त्यांच्या गावाकडे गेले, खोलीला कुलूप लागलं. मधे माझं लग्न झालं होतं, मला आदिलाबादची नोकरी मिळाली. लेकराच्या शाळेसाठी, गॅससाठी, कशाकशासाठी पत्ता बदलला, त्यात मतदार यादीतलं नावही शहरात आलं. बाबा गावातच राहिले. सभेच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन यायचा. आधी म्हणायचे, "आज चाळीस होते." मग, "आज पंधरा." पाळ्या मोडल्या, पटेलांची सून अंगणवाडीत लागली आणि दुसऱ्या गावाला गेली. एकदा म्हणाले, "आज मी होतो आन कार्यदर्शी होता. आमी दोघं बसलो अर्धा घंटा." मी हसले. म्हटलं, पुढच्या वेळी मी येते. खरंच यायचं होतं मला. कॉलेजात परीक्षा होत्या, मग ॲडमिशन होतं. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी, असं मी पाच वेळा म्हटलं असेल. ते दरवेळी म्हणायचे, "ये ना, घाई नाई."

ते गेले ते सकाळीच, खाटेवर, चहा व्हायच्या आत.

दिवसकार्य झाल्यावर काही महिन्यांनी मी घरपट्टीवरचं नाव बदलून घ्यायला पंचायतीत गेले. कार्यदर्शी नवा होता, तरुण, अदबीचा, हिंदीत बोलणारा. तो कागद शोधत होता, आणि टेबलावर ग्रामसभेचं रजिस्टर पडलं होतं. माझा हात सवयीनं तिकडे गेला. शेवटची सभा मागच्या महिन्यातली. यादी छापील, घरानुसार, पुढं हजेरीच्या खुणा, सगळ्या एकाच निळ्या शाईच्या, एकाच हाताच्या. आमच्या घराच्या ओळीवर बाबांचं नाव होतं, तेलुगूत, आणि त्यापुढं खूण. हजर.

अशी रजिस्टरं मी नऊ वर्षांत किती धरली, किती तक्रारी लिहिल्या, किती कार्यदर्शींना घाम फोडला. पण त्या दिवशी त्या ओळीवर बोट ठेवून मी बसून राहिले. मला ती खूण खरी वाटत होती. वाटत होतं, आत्ता उठून चावडीकडे गेले तर दुसऱ्या ओळीत पांढरा सदरा दिसेल.

कार्यदर्शीला कळलं. तो ओशाळला. "मैडम, वो संख्या पूरी करने के लिए सबका लगा दिया था. काट दूँ?"

ठेवलं असतं तर ते खोटं होतं, आणि बाबा खोट्या सभेत एक मिनिट बसले नसते. मी त्याचं पेन मागून घेतलं. खूण खोडली, बाजूला मराठीत लिहिलं, मयत.

त्यानं रजिस्टर आपल्याकडे ओढलं, रिकामी झालेली ओळ पाहिली आणि यादी पुढं लिहायची म्हणून सहज विचारलं, "इस घर से अब सभा में कौन बैठेगा, मैडम?"

मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं. मग आठवलं की ते इथल्या मतदार यादीत नाही, मीच शहरात नेलं होतं.

"कोई नहीं," मी म्हटलं. त्यानं तसं लिहून घेतलं.